जीवशास्त्र जंगलाजवळ कसे आले: चिचगडच्या बाजूने पाहिलेला अकरावी-बारावीचा इतिहास

चिचगड हे गोंदिया जिल्ह्यातील देवरी तालुक्यातले, छत्तीसगडच्या सीमेलगतच्या वनपट्ट्यातले गाव. ब्रिटिश काळात ते भंडारा जिल्ह्यातील एका जमीनदारीचे मुख्य ठिकाण होते. १९५१ मध्ये जमीनदाऱ्या संपल्या, १९५६ मध्ये विदर्भ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला.

या पट्ट्यातील मुलाला वनस्पती आणि प्राणी यांचे शास्त्र खोलात शिकायचे असेल, तर त्याने जायचे कुठे? या साध्या प्रश्नाचे उत्तर गेल्या शंभर वर्षांत फार बदलले आहे.

आरंभी उत्तर एकच होते: नागपूर. तेथे १९०६ मध्ये व्हिक्टोरिया कॉलेज ऑफ सायन्स सुरू झाले. आजची विज्ञान संस्था ती हीच. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाले. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण शाळेचे आणि त्यापुढचे इंटर सायन्स विद्यापीठाचे, अशी विभागणी होती. सूक्ष्मदर्शक, रंगवलेल्या काचपट्ट्या, मेणाच्या तबकात टाचण्यांनी ताणून बसवलेला बेडूक ही सारी सामग्री कॉलेजात. शाळेत उरत असे ते फळ्यावरचे चित्र.

ही विभागणीच चुकीची आहे, असे त्याआधीच कोणीतरी स्पष्ट सांगून ठेवले होते. कलकत्ता विद्यापीठाच्या चौकशीसाठी १९१७ मध्ये नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष मायकेल सॅडलर हे लीड्स विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९१९ च्या अहवालात आयोगाने म्हटले की, शाळा आणि विद्यापीठ यांच्यातील सीमा मॅट्रिकवर नव्हे, इंटरवर असावी. इंटरचे वर्ग विद्यापीठातून काढून वेगळ्या संस्थांकडे द्यावेत. संयुक्त प्रांताने हा सल्ला लगोलग मानला आणि १९२१ मध्ये हायस्कूल व इंटरमीजिएटचे एकत्र मंडळ स्थापले. आपल्याकडे मात्र त्याला अर्धे शतक लागले.

तोवर गोंदियाच्या बाजूने एक हालचाल झाली. १९५८ मध्ये मनोहरभाई पटेल यांच्या पुढाकाराने गोंदिया शिक्षण संस्था उभी राहिली. पुढे गोंदियातच धोटे बंधू विज्ञान महाविद्यालय आले आणि पूर्व विदर्भातील मुलांचा नागपूरचा फेरा काही प्रमाणात वाचला. तरीही हे कॉलेजच होते. तेथे पोहोचण्याआधी अकरावीची शालान्त परीक्षा, शहरातली खोली, खानावळ आणि घरच्या शेतीतून वजा झालेले दोन हात, एवढा हिशेब जुळावा लागे.

खरा बदल घडवला तो कोठारी आयोगाने. भौतिकशास्त्रज्ञ दौलतसिंह कोठारी हे त्याचे अध्यक्ष आणि कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक हे सदस्य-सचिव. १९६४ ते ६६ या काळात काम करून आयोगाने दहा वर्षांचे सामान्य शिक्षण, दोन वर्षांचा उच्च माध्यमिक टप्पा आणि त्यानंतर पदवी, असा आराखडा मांडला. दहावीपर्यंत विज्ञान सर्वांना सक्तीचे, हाही त्याचाच आग्रह. महाराष्ट्रात नव्या दहावीची पहिली परीक्षा १९७५ मध्ये आणि बारावीची १९७७ मध्ये झाली.

महाराष्ट्राने त्यात आणखी एक गोष्ट केली आणि दूरच्या गावांच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची ठरली. अकरावी-बारावीचे वर्ग केवळ कॉलेजात न ठेवता हायस्कुलांनाही जोडू दिले. ‘हायस्कूल व कनिष्ठ महाविद्यालय’ ही जोडपाटी महाराष्ट्रभर दिसते, तिचा उगम हा. जे जीवशास्त्र विद्यापीठाच्या शहरात राहून शिकावे लागे, ते तालुक्याच्या शाळेच्या आवारात येऊ शकले. प्रयोगशाळा आणि शिक्षक मिळाले तर, ही अट अर्थातच कायम राहिली. पाटी लावणे त्यामानाने सोपे असते.

अंतर कमी झाले, पण दुसरी एक भिंत तशीच राहिली. ती भाषेची.

या भागात घरी गोंडी, हलबी, छत्तीसगढी किंवा झाडीबोली बोलली जाते. शाळेत प्रमाण मराठी येते. दहावीपर्यंत मूल पेशी, केंद्रक, हरितलवक, तंतुकणिका, गुणसूत्रे हे शब्द मेहनतीने आपलेसे करते. अकरावीच्या विज्ञान शाखेत पाऊल टाकताच पुस्तक इंग्रजी होते आणि तेच पदार्थ न्यूक्लिअस, क्लोरोप्लास्ट, मायटोकाँड्रिया, क्रोमोसोम होऊन परत येतात. शिकलेले ज्ञान पुन्हा नव्याने ओळखावे लागते. तेही नेमके त्या दोन वर्षांत, जेव्हा अभ्यासक्रम सर्वाधिक अवघड असतो.

यातील विसंगती जंगलात उभे राहिल्यावर अधिक जाणवते. मोहाची मांसल फुले रात्री उमलतात, पहाटे गळतात आणि वटवाघळे त्यांचे परागण करतात. ऐनाच्या झाडावर वाढणारी कोशाची अळी चार वेळा कात टाकते, मग कोश विणते. लाखेचा कीटक पळस आणि कुसुमाच्या कोवळ्या फांद्यांतला रस शोषतो. मोह वेचणाऱ्या, कोसा राखणाऱ्या घरात यातील बरेच काही पाहून माहीत असते. त्याच घरातील मूल हेच धडे अनोळखी भाषेत पाठ करते. शेजारच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगावबांधला वनाधिकारी म्हणून राहिलेल्या मारुती चितमपल्लींनी जंगलातील माणसांकडून पक्ष्यांची नावे आणि सवयी जाणून घेतल्या आणि त्या मराठी ग्रंथांत आणल्या. बारावीच्या पुस्तकापर्यंत ती वाट गेली नाही.

या विषयाची किंमत कळते ती वैद्यकीय प्रवेशात. २०१३ मध्ये ‘नीट’ आली आणि पुढे ती देशभर अनिवार्य झाली; तिच्या ७२० गुणांपैकी ३६० गुण जीवशास्त्राचे. २०१६ मध्ये गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. नागपूरचे मेडिकल कॉलेज १९४७ चे. म्हणजे डॉक्टर होण्याची जागा जिल्ह्यात यायला जवळपास सत्तर वर्षे लागली. जागा जवळ आली तेव्हा तिच्यासाठीची चुरस मात्र साऱ्या देशाशी होती.

२०१७ पासून ‘नीट’ची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. ती निवडणाऱ्या विद्यार्थ्याने त्याआधीची दोन वर्षे इंग्रजी पुस्तकावर काढलेली असतात. दहावीत सुटलेला ‘प्रकाशसंश्लेषण’ हा शब्द त्याला पुन्हा भेटतो तो थेट परीक्षागृहात, घड्याळ सुरू असताना.