फोटोच्या प्रतीची किंमत कशी ठरली?

चित्रकाराचं चित्र एकच असतं. छायाचित्रकाराची पंचाईत वेगळी आहे. निगेटिव्ह शाबूत आहे तोवर प्रती निघतच राहणार. मग पहिल्या प्रतीचे पैसे किती घ्यायचे आणि शंभराव्या प्रतीचे किती? आज आपण हा प्रश्न ॲन्सेल ॲडम्स या अमेरिकन छायाचित्रकाराच्या उदाहरणावरून बघू. जवळजवळ पन्नास वर्षं ते या प्रश्नाशी झगडत होते.

१९२७ साली सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचा पहिला संच निघाला. सिएरा नेवाडा पर्वताची अठरा छायाचित्रं, किंमत पन्नास डॉलर. हिशेब केला तर एका प्रतीला तीन डॉलरसुद्धा पडत नाहीत. तरी प्रकाशिकेला धास्ती, की ‘फोटो’ म्हटलं तर कलेचे ग्राहक फिरकणार नाहीत! म्हणून ‘पार्मेलियन प्रिंट्स’ असा एक शब्द बनवला गेला. त्याला अर्थ काहीच नव्हता. संच खपले ते आल्बर्ट बेंडर या कलारसिकामुळे. त्यांनी स्वतः दहा संच घेतले आणि ओळखीच्यांना फोन करून आणखी खपवले. म्हणजे बघा, सुरुवातीला ती किंमत कागदावर किंवा मेहनतीवर उभी नव्हती. ती बेंडर यांच्या शब्दावर उभी होती.

१९४१ साली न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाजवळ ॲडम्स यांनी चंद्रोदयाचं ते प्रसिद्ध छायाचित्र घेतलं. दुसरं घ्यायच्या आत क्रुसांवरचं ऊन गेलं, त्यामुळे निगेटिव्ह एकच. त्या एका निगेटिव्हपासून त्यांनी आयुष्यभरात १,३०० हून जास्त प्रती काढल्या. आकाश किती काळं करायचं, ढग किती उजळ ठेवायचे, हे प्रत्येक वेळी डार्करूममध्ये हाताने करावं लागे. निगेटिव्ह म्हणजे संगीताची लिहिलेली रचना आणि प्रत म्हणजे तिचं सादरीकरण, असं ते मानत. त्यामुळे संख्येवर बंधन घालणं त्यांना सहसा पटत नसे. मात्र पोट भरायला त्यांना कितीतरी वर्षं कंपन्यांची कामं करावी लागली.

मग झालं काय, की १९७५ अखेरनंतर सुट्या प्रतींची मागणी घेणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. झालं! विक्रेत्यांची झुंबड उडाली आणि हजारो प्रतींची मागणी आली. ती पुरी करण्यात पुढली काही वर्षं डार्करूममध्ये गेली. छायाचित्र तेच, निगेटिव्ह तीच. बदललं एवढंच, की आता प्रतींना शेवट आला. २००६ साली सदबीजच्या लिलावात चंद्रोदयाची एक प्रत ६,०९,६०० डॉलरला गेली, तेव्हा ॲडम्स यांना जाऊन बावीस वर्षं झाली होती. ते पैसे अर्थातच त्यांचे नव्हते.

बंधन घातलं तरी प्रश्न संपत नाही. विल्यम एगलस्टन यांनी रंगीत छायाचित्रांच्या मोजक्या प्रती विकल्या होत्या. २०१२ साली त्यांतल्या काही छायाचित्रांच्या नव्या, मोठ्या आकाराच्या डिजिटल प्रती क्रिस्टीजमध्ये लिलावाला आल्या. तीनचाकी सायकलच्या छायाचित्राला ५,७८,५०० डॉलर मिळाले. जुन्या प्रती घेतलेला एक संग्राहक कोर्टात गेला. आपल्या प्रतींचं मोल उतरलं, असं त्याचं म्हणणं. २०१३ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने दावा फेटाळला: नवा आकार आणि नवी छपाई म्हणजे वेगळी आवृत्ती. कायद्याच्या दृष्टीने एगलस्टन मोकळे झाले. पण ज्याने पैसे मोजले होते, त्याला ‘मोजक्या’ या शब्दाचा अर्थ वेगळाच वाटला होता.

आज आपल्याकडे पहिलं प्रदर्शन मांडणारे आम्हाला विचारतात, किंमत किती लावू? कागद, छपाई, फ्रेम आणि गॅलरीचा वाटा, जो पुष्कळदा निम्मा असतो, हा झाला तळ. त्याखाली जाऊ नये. पण तळ म्हणजे किंमत नव्हे. प्रती किती, कोणत्या आकारात, कोणत्या पद्धतीने आणि पुढे दुसऱ्या आकारात काढणार की नाही, हे आधी लिहून द्यावं. सुरुवात बेताची ठेवावी आणि प्रती संपत येतील तशी किंमत वाढवावी. एकदा वाढवलेली खाली आणू नये, कारण पहिल्या ग्राहकाने जास्त मोजलेले असतात. ॲडम्स यांच्या वेळी बेंडर यांनी शब्द टाकला होता. आपल्यापाशी बेंडर नसतील, तर तो शब्द आपणच द्यायचा आणि पाळायचा.