ठिणगी आणि चिनी माती

आउटबोर्ड मोटरचं झाकण काढलं की पांढऱ्या चिनी मातीचा, एका टोकाला आटे असलेला बोटभर प्लग हाताला लागतो. तो बदलायला पाच मिनिटं पुरतात, म्हणूनच त्याची निवड बहुतेक वेळा दुकानदारावर सोपवली जाते. हा प्लग कुठून आला हे एकदा नीट कळलं, की तो कसा निवडायचा हे वेगळं शिकावं लागत नाही, असं माझं ठाम मत आहे.

त्याचं मूळ इंजिनाच्याही आधीचं आहे. १७७६ साली इटलीत आलेस्सांद्रो व्होल्टाने मॅजोरे सरोवराच्या काठचा गाळ ढवळून वर येणारा वायू गोळा केला. तो मिथेन होता. बंद भांड्यात हा वायू हवेबरोबर भरून विजेच्या ठिणगीने पेटवणारं एक पिस्तूल त्याने केलं. आत जाणारी तार, ती भांड्याच्या भिंतीला टेकू न देणारा रोधक आणि ठिणगीने ओलांडायची फट, एवढंच त्यात होतं. आजच्या प्लगचा गाभाही तेवढाच. १८०७ साली स्वित्झर्लंडच्या इझाक द रिवाझने हीच युक्ती वापरून हायड्रोजनवर चालणारं इंजिन गाडीला जोडलं. १८६० साली पॅरिसमध्ये एतिएन लेन्वारने गॅसचं इंजिन विकायला काढलं, त्यात तारेभोवती चिनी माती होती. प्लगचा जनक म्हणून लेन्वारचं नाव घेतलं जातं ते इथून.

पण पुढची चाळीस वर्षं प्लग मागेच पडला. जर्मनीत ऑटो नावाच्या संशोधकाने १८७६ साली चार स्ट्रोकचं इंजिन ज्योतीने पेटवलं. डाइमलरने लाल तापवलेली नळी वापरली. ठिणगीवर विश्वास ठेवला तो बेन्झने, आणि तिने त्याला छळलंही भरपूर. १८८६ साली डाइमलरने नेकार नदीत इंजिनाची होडी सोडली तेव्हा पेट्रोल भडकेल म्हणून लोक भेदरले होते. त्यांना होडी विजेची वाटावी म्हणून त्याने कडेने तारा आणि चिनी मातीचे रोधक लावले, अशी हकिकत सांगतात. चिनी माती होडीवर आली ती अशी, देखाव्यापुरती.

खरा मार्ग १९०२ साली मोकळा झाला. श्टुटगार्टमध्ये रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्डने उच्च दाबाची वीज देणारा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीचा प्लग तयार केला. इंजिन फिरलं की मॅग्नेटोतच वीज तयार होते, बॅटरी लागत नाही. पाण्यावर या गोष्टीचं मोल किती, ते होडीवाल्याला सांगायला नको. त्याच दशकात अमेरिकेतल्या मिलवॉकीत, लहानपणी नॉर्वेहून आलेल्या ओले एव्हिनरूडने होडीच्या मागे टांगायची मोटर बनवली. १९०९ साली ती बाजारात आली. दीड अश्वशक्ती, वजन ६२ पौंड, किंमत ६२ डॉलर. हिशेब, पत्रव्यवहार आणि जाहिरात त्याची बायको बेस सांभाळायची. उभा दांडा, आडवा सिलिंडर आणि आडवा प्लग ही त्याची मांडणी आजही टिकून आहे.

यानंतरचा इतिहास ठिणगीचा कमी आणि मातीचा जास्त आहे. साधी चिनी माती उष्णतेने तडकत असे. १९३० च्या दशकात जर्मनीत सीमेन्सने अ‍ॅल्युमिनाचा रोधक आणला आणि प्लगचं आयुष्य पालटलं. जपानमधली एनजीके ही कंपनीही १९३६ साली विद्युतरोधक करणाऱ्यांच्या घराण्यातूनच निघाली आणि ते घराणं मुळात चिनी मातीची भांडी बनवणारं. मालवण-वेंगुर्ल्यापासून गोव्यापर्यंत मासेमारीच्या लहान होड्यांना आउटबोर्ड लागली, तिथे एनजीकेचे प्लग सर्रास दिसतात.

मातीचं हे महत्त्व का, ते निवडीच्या वेळी कळतं. प्लगचं टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर गेलं तरच त्यावरची काजळी जळून जाते. ८०० च्या पुढे फार चढलं, तर ठिणगी पडायच्या आधीच ते टोक इंधन पेटवतं. आतल्या रोधकाचं नाक लांब असेल तर उष्णता हळू बाहेर जाते, तो गरम प्लग. आखूड असेल तर थंड. आउटबोर्डला दोन्ही बाजूंनी मार बसतो. खाडीतून तासभर हळू चाललं की टू-स्ट्रोकमधलं ऑइल टोकावर साचतं, आणि समुद्रात पूर्ण वेगाने निघालं की मिनिटाला पाच हजार फेऱ्यांना पाच हजार ठिणग्या पडतात. खाडीत प्लग काळा होतो म्हणून गरम प्लग लावायचा मोह अनेकांना होतो. खाडीत तो बरा चालतोही, पण बाहेर पूर्ण वेगात पिस्टनला भोक पाडतो. काळ्या, ओल्या प्लगवर उपाय ऑइलचं प्रमाण आणि कार्बुरेटर तपासण्याचा आहे. टोक पांढरंफटक दिसलं तर आधी थंड करणारं पाणी नीट फिरतंय का पाहावं. फिकट तपकिरी रंग ठीक.

नंबर वाचताना एक गोष्ट घातक ठरू शकते. एनजीकेमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, तर चॅम्पियन आणि बॉश या कंपन्यांच्या प्लगमध्ये नेमकं उलटं. बी७एचएस-१० हा नंबर घेतला तर बी म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे, ७ ही उष्णतेची पायरी, एच म्हणजे आट्यांची लांबी १२.७ मिलिमीटर आणि १० म्हणजे फट १ मिलिमीटर. एचच्या जागी १९ मिलिमीटरचा ई बसवला तर प्लग पिस्टनवर आपटू शकतो. मर्क्युरी कंपनीच्या १९६० च्या दशकापासूनच्या काही मोटरींत बाजूची पट्टी नसलेला प्लग येतो. त्याला फट जुळवायची नसते, पण तो जुन्या मॅग्नेटोवर चालत नाही.

बसवताना इंजिन थंड हवं, कारण हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं आणि आटे एकदा गेले की खर्च मोठा. आधी भोवतालचं मीठ-कचरा पुसा. फट तारेच्या गेजने मोजा आणि वाकवायची ती बाजूचीच पट्टी, मधल्या टोकाला हात लावू नका. प्लग शेवटपर्यंत बोटांनीच फिरवा, अडखळला तर मागे घ्या. वॉशर टेकला की नव्या प्लगला पान्याने साधारण अर्धा फेरा. टॉर्क पाना असेल तर पुस्तिकेतला आकडा पाहा, १४ मिलिमीटरला तो २५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. त्याहून जास्त जोर नको.

खाडीचं तोंड ओलांडून बाहेर जाणार असाल, तर मोटरच्या पुस्तिकेतल्याच नंबरचा, फट आधीच जुळवलेला जादा संच आणि प्लगपाना कोरड्या डब्यात घालून होडीत ठेवा.