दळण : गेममधल्या ग्राइंडिंगपासून पंढरपूरच्या जात्यापर्यंत

#थ्रेड

ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम खेळणाऱ्यांना ‘ग्राइंडिंग’ हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या पात्राचे कौशल्य एका पायरीने वाढावे म्हणून तेच झाड शेकडो वेळा तोडायचे, तोच मासा हजारदा पकडायचा, मारलेला राक्षस पुन्हा उगवेपर्यंत थांबायचे आणि त्याला पुन्हा मारायचे. या कंटाळवाण्या खटाटोपाला इंग्रजीने दळणाचे नाव दिले. मराठीनेही, कोणाची उसनवारी न करता, तेच केले आहे. तोच विषय पुन्हा पुन्हा काढणाऱ्याला आपण ‘काय तेच ते दळण दळतोस’ असे म्हणतो.

दोन दूरच्या भाषांना कंटाळा म्हणताच एकच काम आठवावे, हा योगायोग नाही. या कामाचा इतिहास पाहायचा तर पंढरपूरइतकी योग्य जागा नाही. पण आधी गेमचा भाग थोडक्यात उरकू.

अनुभवाचे गुण साठवून पायरी चढण्याची कल्पना रूढ केली ती १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ने. तो कागद, पेन्सिल आणि फाशांचा खेळ होता. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ रचला आणि अनेकांनी एकाच काल्पनिक जगात खेळण्याची सोय झाली. १९९७ च्या ‘अल्टिमा ऑनलाइन’ने नियम केला की जे कौशल्य वापराल तेच वाढेल. ऐकायला हा नियम न्याय्य वाटतो. प्रत्यक्षात लोहार होऊ पाहणारे खेळाडू कोणालाही नको असलेले खंजीर तासन्‌तास घडवत बसले. लवकरच त्यांनी हे काम संगणकालाच नेमून दिले आणि स्वतः झोपायला गेले.

२००१ च्या ‘रुनस्केप’ने तर या श्रमाचा हिशेब अगदी उघड मांडला. एखाद्या कौशल्याची ९९ वी पायरी गाठण्यासाठी १,३०,३४,४३१ गुण लागतात. ९२ व्या पायरीला लागतात ६५,१७,२५३. म्हणजे ९२ वर पोहोचलेला खेळाडू शिखराजवळ नसतो, तो जेमतेम अर्ध्या वाटेवर असतो. हे कळल्यावर हताश होणाऱ्यांपेक्षा नेटाने पुढे जाणारेच अधिक निघाले.

आता पंढरपूर. अशाच एका अजस्र आकड्याची कथा या गावात सांगितली जाते.

परंपरा अशी की, वाल्मीकींनी शतकोटी रामायण रचले हे ऐकून नामदेवांनी विठ्ठलासमोर शतकोटी अभंग रचण्याचा संकल्प केला. शंभर कोटी! मिनिटाला एक या वेगाने, न झोपता, न थांबता रचले तरी १,९०० वर्षे लागावीत. १३५० साली, परंपरेनुसार, नामदेवांनी महाद्वाराच्या पायरीशी समाधी घेतली. आज त्यांच्या नावावर दोन-अडीच हजार अभंग मिळतात. शिवाय शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत.

पण आकडा तिथे मिटला नाही. सुमारे तीनशे वर्षांनी देहूचे तुकाराम एका अभंगात सांगतात की, नामदेव पांडुरंगाला बरोबर घेऊन स्वप्नात आले, कवित्वाचे काम सांगितले आणि संकल्पातली उरलेली संख्या पुरी करण्याचा भार आपल्यावर टाकला. एकाच्या खात्यातली बाकी दुसऱ्याच्या खात्यावर चढली. गाथेतले साडेचार हजारांहून अधिक अभंग जमेस धरले तरी ती बाकी फिटत नाही, हे गणित दोघांनाही ठाऊक असणारच. या संकल्पात आकडा गाठण्यासाठी नसून न थांबण्यासाठी आहे, असे मला वाटते.

ही झाली मोजलेल्या आवर्तनाची गोष्ट. त्याच घरात दुसरे एक आवर्तन चालू होते. ते कोणी मोजले नाही.

नामदेवांचे वडील दामाशेटी. त्यांच्या घरी गंगाखेडहून आलेली जनाबाई दासी म्हणून राबत होती. दळण, कांडण, पाणी, शेण, झाडलोट. तिच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत आणि त्यांत जाते पुन्हा पुन्हा येते. (त्यांतले कोणते तिचे आणि कोणते नंतरचे, हा अभ्यासकांचा वेगळा वाद आहे, तो इथे काढत नाही.)

जाते न पाहिलेल्यांसाठी सांगतो. दोन दगडी तळ्या एकावर एक. वरचीला मधोमध तोंड आणि कडेला लाकडी खुंटा. तोंडात मूठमूठ वैरण घालायची आणि खुंटा धरून दगड फिरवायचा. दगड इतका जड की शक्यतो दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा ओढत. दगड गुळगुळीत झाला की तो धान्य दळेनासा होतो. मग टाकी लावून त्याला पुन्हा खरखरीत करून घ्यायचे. थोडक्यात, अवजारही झिजते आणि दुरुस्तीला जाते. गेम खेळणाऱ्यांना हा नियम ओळखीचा वाटेल.

या भागाचे मुख्य अन्न ज्वारी. शेजारच्या मंगळवेढ्याची मालदांडी तर प्रसिद्धच आहे. पण ज्वारीचे पीठ साठवून ठेवता येत नाही. शिळ्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना चिरते. म्हणून महिन्याचे दळण एकदाच उरकून मोकळे होणे शक्य नव्हते. पहाटेच्या अंधारात उठून लागेल तसे ताजे पीठ काढायचे, ते खाऊन संपायचे आणि पुन्हा जात्याशी बसायचे. यात पायरी नाही, गुण नाहीत, ९९ वर पोहोचून मिरवण्याची सोय नाही. चाळीस वर्षे दळलेल्या बाईची भाकरी दुपारपर्यंत संपलेलीच असे.

आणि इथेच जनाबाईची ती कथा येते, जी महाराष्ट्रात लहान पोरालाही माहीत असते: विठ्ठल स्वतः येऊन तिच्याबरोबर दळू लागतो. भक्तीच्या दृष्टीने तिचा अर्थ मोठा आहेच. पण जात्याशी बसलेल्या बाईच्या दृष्टीने पाहा. तिला खुंट्याला दुसरा हात हवा आहे. देवाकडे तिने राज्य मागितले नाही, सोबत मागितली.

अल्टिमाचा खेळाडू यंत्राला कामाला लावून झोपला तो थकूनच. दोन्ही इच्छा एका शिणातून आलेल्या आहेत. फरक असा की, जनाबाईच्या कथेत मदतीला देव आला तरी ती उठून जात नाही. ती तिथेच बसते, दळते आणि गाते.

कोण दळतो आणि भाकरी कोणाची होते, हा प्रश्न मात्र दोन्हीकडे टोचतो. २००० नंतरच्या दशकात चीनमध्ये नानजिंगसारख्या शहरांत तरुण मुले १२-१२ तासांच्या पाळ्यांत गेममधले राक्षस मारत. मिळालेले काल्पनिक सोने पश्चिमेतल्या खेळाडूंना विकले जाई, कारण त्यांना कंटाळा टाळायचा होता. २०१७ च्या सुमारास व्हेनेझुएलाची अर्थव्यवस्था कोसळली तेव्हा तिथले लोक जुन्या रुनस्केपमधले हिरवे ड्रॅगन मारून पोट भरत होते. जो श्रम आकड्यात साठतो, तो विकत घेता येतो; मग दळणारा एक आणि पायरी चढणारा दुसरा. जनाबाईही दुसऱ्याच्याच घरचे पीठ दळत होती. पण पीठ घरच्यांनी खाल्ले आणि अभंग तिच्या नावावर राहिले, कारण ते पिठासारखे कोणाच्या डब्यात भरता येत नव्हते.

ती एकटी नव्हती. जात्यावर ओवी गाण्याची रीत मराठी मुलखात घरोघर होती. खुंट्याच्या फेऱ्याशी ओवीचा ठेका जुळतो, श्वास सांभाळला जातो, रात्र सरते. जळगावकडच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) निरक्षर होत्या. घरकाम, शेतकाम करताना त्यांनी रचलेली गाणी त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, टिपून ठेवली म्हणून आपल्याला मिळाली. बाकीच्या हजारो बायकांच्या घरी टिपणारे कोणी नव्हते.

१९८०च्या दशकापासून हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी जाऊन या ओव्या गोळा केल्या. एक हजारांहून अधिक गावे, एक लाखाहून अधिक ओव्या! आज हा साठा ‘पारी’ या संकेतस्थळावर खुला आहे. त्यात पंढरपूर, विठ्ठल आणि रुसलेली रुक्मिणी यांच्यावरच्या ओव्या विपुल आहेत. तितक्याच सासुरवासाच्या आहेत, माहेराच्या ओढीच्या आहेत, दुखऱ्या हातांच्या आहेत. ज्यांनी कधी खुंटा धरला नाही त्यांनी जात्याचे गोडवे गाण्याआधी त्या जरूर ऐकाव्यात. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बायका हळहळत बसल्या नाहीत. त्या पहाटे तासभर अधिक झोपल्या.

आषाढी पौर्णिमेला पंढरपूरजवळच्या गोपाळपूरला काला होतो आणि वारकरी परतीची वाट धरतात. तिथल्या मंदिरात जनाबाईचे म्हणून एक जाते दाखवतात. गावातली ज्वारी आता विजेच्या गिरणीत जाते. तिथे डब्यांची रांग असते, आणि आपला डबा कितवा हे ज्याचे त्याने लक्षात ठेवायचे असते.