दगडाचा हत्ती आणि ओढ्यावरची शिळा

मुंबई पाहून आलेल्या माणसाला गावात पहिला प्रश्न विचारतात, "काय काय पाहिलंत?" तोही उत्साहाने सांगतो : राणीचा बाग पाहिला, म्युझियम पाहिलं, गेटवे पाहिला. पण तुम्ही जे पाहिलंत ते तिथं आलं कुठून, हा दुसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. मी कॉलेजात इतिहास शिकवितो. तरी मलाही तो सुचला नव्हता. तो सुचला माझ्या वडिलांना.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत आबा, मी, माझी पत्नी आणि दोन मुले असे पाचजण सकाळी भायखळ्याला उतरलो. मुलांना घाई होती जनावरे पाहण्याची. पण राणीच्या बागेतील संग्रहालयाच्या शेजारी एक भला मोठा दगडी हत्ती उभा आहे, तिथे आबांचे पाय थबकले. थोडा वेळ न्याहाळून ते म्हणाले, "अरे, हा जोडलेला दिसतो. मोडला कसा? आणि इथं आणला कोणी?"

हा हत्ती मूळचा घारापुरी बेटावरचा. त्याला पाहूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला 'एलिफंटा' हे नाव दिले. १८१४ साली त्याची मान आणि डोके गळून पडले. १८६४ मध्ये त्याचे तुकडे मुंबईस आणण्यात आले, आणि ते जोडून हत्ती पुन्हा उभा राहिला तो १९१४ साली. मी हे सांगताच आबांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे तुकडे पन्नास वर्षं सांभाळले. टाकून नाही दिले!"

शेजारच्या संग्रहालयाची कथाही अशीच आहे. येथील कारागिरीचे नमुने प्रथम कोटातील एका बराकीत ठेवले होते. १८५७ च्या धामधुमीत सैन्याला जागा हवी झाली, संग्रह घाईघाईने बाहेर काढला गेला आणि त्यातील बऱ्याच वस्तूंचा नाश झाला. तेव्हा नाना शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड अशी मंडळी पुढे झाली, लोकांकडून वर्गणी जमविली. १८६२ मध्ये पायाभरणी झाली आणि २ मे १८७२ रोजी दारे उघडली. भाऊ दाजी हे गोव्यातील खेड्यातून आलेले गरिबाघरचे मूल. ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले ते. पण रोग्यांची नाडी पाहता पाहता त्यांनी जुने शिलालेख आणि ताम्रपटही वाचले. राणी व्हिक्टोरिया आणि तिचे पती आल्बर्ट यांची नावे ल्यालेल्या या संग्रहालयाला १९७५ साली भाऊ दाजींचे नाव मिळाले. आत मातीच्या लहान लहान बाहुल्यांतून इथले लोक, त्यांचे पोशाख आणि धंदे दाखविले आहेत. मुले वाघ विसरून त्या काचांना नाक लावून उभी राहिली.

त्याच बागेत घोड्यावर बसलेला एक इंग्रज राजपुत्र आहे. हा सातवा एडवर्ड. १८७९ पासून तो फोर्टात दिमाखाने उभा होता. त्याच्या घोड्यावरून त्या भागालाच 'काळा घोडा' म्हणू लागले. १९६५ मध्ये त्याला तिथून हलविले. राजा गेला, पण लोकांच्या तोंडची जागा घोड्याने सोडली नाही. २०१७ साली तिथे नवा घोडा बसविला, त्याच्या पाठीवर मात्र कोणी स्वार नाही!

दुपारी आम्ही फोर्टातील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलो. १९०५ मध्ये पायाभरणी झालेली ही इमारत पहिल्या महायुद्धात इस्पितळ म्हणून वापरली गेली आणि १९२२ मध्ये संग्रहालय म्हणून लोकांना खुली झाली. तिथे प्रत्येक मूर्तीपुढे आबांचा तोच प्रश्न : "ही कुठली?"

संध्याकाळी गेटवेजवळ कठड्यावर बसून आम्ही शेंगा खात होतो. समोर घारापुरीहून परतणाऱ्या लाँची दिसत होत्या. आबा एकदम म्हणाले, "आपल्या ओढ्यावरची धुण्याची शिळा आठवते ना? तिच्यावरही माणसं कोरलेली होती. माझ्या लहानपणी स्पष्ट दिसायची."

मी काहीच बोललो नाही. मी वर्गात शिलाहार आणि यादव शिकवितो. वीरगळ म्हणजे काय ते फळ्यावर काढून दाखवितो. आणि त्याच शिळेवर माझ्या आईने माझे शाळेचे सदरे आपटले होते.

गावी गेल्यावर ग्रामपंचायतीला विचारून, जाणकारांना दाखवून, आम्ही ती शिळा चिखलातून मोकळी केली. वीरगळच होता. वरचा भाग मातीत पुरलेला असल्याने सूर्य-चंद्र आणि शिवलिंगाची पूजा शाबूत होती. खालच्या चौकटीत वीराची लढाई कोरलेली असते. ती मात्र झिजून सपाट झाली होती. तो गडी कोणासाठी लढला, गुरांसाठी की गावासाठी, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. ते परक्यांनी पुसले नाही. आमच्याच घरच्या धुण्याने पुसले.

म्हणून गुरुजी, तुम्हांला एवढीच विनंती. मुलांची सहल शहरात न्याल तेव्हा शंभर वस्तू दाखवू नका. दहाच दाखवा आणि प्रत्येकीपुढे विचारा : ही कुठून आली, कोणी आणली, कोणी जपली? परत आल्यावर त्याच मुलांना घेऊन गावात एक फेरी मारा. मारुतीच्या पाराशी, विहिरीच्या काठाशी, ओढ्यावर काय पडले आहे ते पाहा, वहीत नोंदा, त्याचे चित्र काढा. रंग फासू नका, जाणत्यांना विचारल्याशिवाय हलवू नका. शेतात जुनी नाणी किंवा ठेवा सापडला, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे त्याची वर्दी कलेक्टरांना द्यावी लागते, हेही मुलांना सांगा.

आमचा वीरगळ आता देवळाच्या भिंतीशी उभा आहे. आणि धुण्यासाठी? पंचायतीने ओढ्यावर दुसरा साधा दगड टाकून दिला आहे. धुणे अडले नाही.