स्वरलेखन, युरोपीय (ग्वीदो ते बाख)

गाणे चिन्हांत मांडण्याची युरोपातील पद्धत. नवव्या शतकापासून मठांतील पोथ्यांमध्ये प्रार्थनेच्या शब्दांवर ‘न्यूम’ नावाच्या खुणा आढळतात. सूर चढतो की उतरतो, एवढेच त्या सांगत. चाल गायकाला आधीच पाठ असावी लागे.

ही अडचण सोडवली ती इटलीतील ग्वीदो दारेत्सो या बेनेडिक्टाइन संन्याशाने. आरेत्सोत गायकांना शिकवताना त्याने आडव्या रेघा आखल्या आणि सुरांच्या खुणा रेघांवर व मधल्या जागांत बसवल्या; आजच्या नावांनी सांगायचे तर ‘फा’ची रेघ तांबडी, ‘डो’ची पिवळी. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या एका लॅटिन स्तोत्रात पहिले सहा तुकडे क्रमाने एकेक सूर वर सुरू होतात. त्यांची पहिली अक्षरे उचलून त्याने उत्, रे, मी, फा, सोल, ला ही नावे रूढ केली. ‘उत्’चा ‘डो’ झाला तो सतराव्या शतकात. दहा वर्षांची तालीम एक-दोन वर्षांत आटोपते, असा ग्वीदोचा दावा होता. पोप एकोणिसाव्या जॉनने त्याला रोमला बोलावले आणि कधी न ऐकलेला चरण पोथीत पाहून स्वतः गायला, हे ग्वीदोनेच पत्रात नोंदवले आहे.

उंची सापडली, काळ सापडायचा होता. पॅरिसच्या नोत्र दाममध्ये १२००च्या सुमारास पेरोतँ चार आवाज एकत्र गुंफू लागला, तेव्हा कोणी किती थांबायचे हे ठरणे भागच होते. १२८०च्या सुमारास कोलोनच्या फ्रँकोने चिन्हाच्या आकारालाच कालमान दिले. फ्रेंच रचनाकार माशोची चार आवाजांची मिस्सा (चर्चमधील प्रार्थना-संगीत) या लेखनावरच उभी आहे. नुसत्या पाठांतराने ती रचणे अवघडच.

१५०१ मध्ये व्हेनिसच्या पेत्रुच्चीने रेघा, सूर आणि शब्द वेगवेगळे छापून बहुस्वरी गीतांचा पहिला छापील संग्रह काढला.

बरोक काळाने मात्र लिहिणे पुन्हा कमी केले. पेरीच्या ‘एउरिदिचे’ (१६००) या ऑपेराच्या छापील प्रतीत गाण्याखाली फक्त खर्जाची ओळ आणि तिच्यावर आकडे आहेत. ६ म्हणजे खर्जापासून सहावा सूर. बाकीची भरणी हार्पसिकॉर्डवादकाने जागच्या जागी करायची. अलंकारही गायक-वादकांचेच. बाख ते पूर्ण लिहून ठेवी, म्हणून १७३७ मध्ये शायबे या टीकाकाराने त्याला दोष दिला. लाइपझिगच्या बिर्नबाउमने पुढच्या वर्षी उत्तर दिले : अलंकार कुठे शोभतो हे फार थोड्या वादकांना कळते, म्हणून रचनाकाराने तो लिहिणेच योग्य.