स्वामी रामानंद तीर्थ व त्रिभाषी हैदराबाद

औरंगपुऱ्यांत स्वामी रामानंद तीर्थांस ‘मराठवाड्याचे पुढारी’ म्हटलेलें आम्ही नेहमीं ऐकतों. हें विशेषण आम्हांस अपुरें वाटतें.

निजामाच्या राज्यांत तेलुगु, मराठी व कानडी असे तीन प्रांत असून राजभाषा मात्र चौथीच, उर्दू, होती. १९३८ सालीं स्टेट काँग्रेसवर स्थापनेपूर्वींच बंदी आल्यामुळें आंध्र महासभा, महाराष्ट्र परिषद व कर्नाटक परिषद यांच्या द्वारेंच कार्य करणें प्राप्त झालें. १९४६ सालीं बंदी उठतांच तिघांस एका सूत्रांत ओंवण्याचा प्रश्न आला. तेलुगु पक्ष संख्येनें वरचढ. तरी नेतृत्व स्वामींकडे राहिलें. याचें कारण आमच्या मतें असें: जन्म (१९०३) कानडी मुलुखांतील सिंदगीचा, मुख्याध्यापकी मराठी अंबाजोगाईची (मास्तराच्या शब्दास वजन असतें, हें आम्ही स्वानुभवानें जाणतों), आणि वर संन्यास! त्यांस एका प्रांताचे ठरवून बाजूस सारणें कोणासच सोपें नव्हतें.

परंतु ज्या ऐक्यावर हें वजन उभें होतें, तेंच राज्य भाषावार विभागावें असा आग्रह त्यांनीं धरला. पंडित नेहरूंस ही विभागणी प्रथम रुचत नव्हती. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं ती झाली. १९५२ सालीं गुलबर्ग्यानें लोकसभेवर पाठविलेले स्वामी १९५७ सालीं औरंगाबादेहून निवडून गेले.