नांदूर मध्यमेश्वर

महाराष्ट्राच्या नाशिक जिल्ह्यातील गोड्या पाण्याची दलदल, पक्षी अभयारण्य व राज्यातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). ते निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा या नद्यांच्या संगमावर, नाशिकपासून सुमारे ४० किमी. अंतरावर आहे. जवळच्या मध्यमेश्वर या शिवमंदिरावरून हे नाव पडले.

ही दलदल निसर्गनिर्मित नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी गोदावरीच्या कालव्यांसाठी येथे बंधारा बांधण्यात आला. दोन्ही नद्यांनी आणलेला गाळ त्यामागे साचत गेला आणि जलाशय उथळ होऊन त्यात बेटे, चिखलाचे पट्टे व पाणकणसाची बने तयार झाली. पाणी साठवण्याच्या दृष्टीने जी हानी, तीच पक्ष्यांच्या पथ्यावर पडली. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी या जागेची तुलना राजस्थानातील भरतपूर या प्रसिद्ध पक्षिस्थळाशी केली होती. १९८६ मध्ये येथे अभयारण्य घोषित झाले, तर २०२० मध्ये १,४३७ हेक्टर क्षेत्राचा रामसर यादीत समावेश झाल्याचे जाहीर झाले.

पक्षिनिरीक्षणाचे मुख्य ठिकाण चापडगाव होय. येथून काठाकाठाने जाणारी पायवाट सपाट असल्याने मुले व वृद्धांनाही ती सहज चालता येते. वाटेवर निरीक्षण मनोरे आहेत. स्थानिक तरुण वाटाड्ये म्हणून काम करतात. पाण्याच्या खोलीनुसार पक्षी बदलत जातात. चिखलात शेकाट्या व तुतारी चरतात. पाणवनस्पतींच्या पानांवरून कमळपक्षी चालतो. पाणकणसात जांभळी पाणकोंबडी वावरते. उथळ पाण्यात चमचा, चित्रबलाक व उघड्या चोचीचा करकोचा, तर मोकळ्या पाण्यावर वारकरी, थापट्या, तलवार बदक व चक्रवाक यांचे थवे दिसतात. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी वरून घिरट्या घालू लागला, की हे थवे एकदम उठतात. अभयारण्यात दोनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. आसपासच्या उसाच्या शेतांत बिबट्याचा वावर असल्याने अंधारात एकट्याने फिरणे टाळावे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा स्थलांतरित पक्ष्यांचा काळ. सकाळी लवकर गेल्यास पक्षी चांगले दिसतात. मात्र वरच्या धरणांतून सिंचनाचे आवर्तन सुटले, की पातळी वाढून चिखलाचे पट्टे बुडतात आणि काठावर चरणारे पक्षी दुसरीकडे जातात. त्यामुळे निघण्यापूर्वी पाण्याची स्थिती स्थानिकांकडून जाणून घेणे उपयुक्त ठरते. निफाड हे मुंबई–भुसावळ लोहमार्गावरील सोयीचे स्थानक आहे.

जलपर्णीचा फैलाव व पाण्याचा वाढता उपसा हे या दलदलीपुढील प्रमुख धोके होत.